हार्मनचे शहाणे दिवे

हार्मन व्हेल्डकाम्पने घरातल्या एकूण एक बटणांवर चिकटपट्टी लावली, तेव्हाच खरं तर त्याच्या बायकोने, तिनेकाने, घर सोडून जायला हवं होतं. ती गेली नाही. एक तर बाई सहनशील, आणि दुसरं म्हणजे दाराजवळचं बटणही चिकटपट्टीखाली गेल्यामुळे तिला अंधारात बूट सापडले नाहीत.

बिनतारी दिवे तेव्हा नुकतेच दुकानात आले होते. दिवा साधाच दिसायचा, पण तो ऐकायचा फोनचं. फोन सांगणार दिव्यांबरोबर आलेल्या एका खोक्याला, खोकं सांगणार दिव्याला, आणि मग दिव्याची मर्जी असेल तर तो लागणार. मात्र कुणी जुन्या सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं, की दिव्याची वीजच तुटायची आणि खोक्याच्या लेखी तो दिवा स्वर्गवासी व्हायचा. म्हणून चिकटपट्टी. दीडशे वर्षांत माणसाने विजेचा दिवा एका बोटावर आणून ठेवला होता, तो या लोकांनी परत अर्जविनंतीवर नेऊन ठेवला. वर पैसेही घेतले. एका दिव्याच्या किमतीत चांगली धडधाकट जुनी सायकल आली असती.

दिव्यांच्या वेष्टणावर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं. त्यातल्या बाईच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू आयुष्यभर तिला बटणांनी छळलं होतं. हे चित्र काढणाऱ्याला एक आठवडा हार्मनच्या घरात कोंडायला हवा होता. संडासाचा दिवा लावायला तिनेकाला फोन शोधावा लागे, फोन शोधायला दिवा लागे. मायक्रोवेव्हमध्ये वाटाण्याचं सूप गरम करायला ठेवलं की जिन्यातला दिवा बहिरा व्हायचा. सूप होईपर्यंत वरचा माणूस वर आणि खालचा खाली.

हार्मनने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"राउटर बंद करून परत चालू केलात का?" पलीकडच्या पोराने विचारलं.

"केला."

"दिवा खोक्याच्या जवळ न्या."

"दिवा छताला आहे."

"मग खोकं छताजवळ न्या."

हार्मनने खोकं सुतळीने छताला टांगलं. दिवाणखान्याच्या मधोमध ते एखाद्या वाळत घातलेल्या माशासारखं लोंबायला लागलं. तरी जिना बहिराच. परत फोन.

"तुमच्या भिंती काँक्रीटच्या आहेत का?"

"आहेत."

"हं," पोरगा म्हणाला. "मग ती अडचण आहे." जसं काही हार्मनने मुद्दाम खोडसाळपणाने घराला भिंती बांधून घेतल्या होत्या.

आता हार्मन तसा मूर्ख नव्हता. तो वार्केनबेक नगरपालिकेत झाडं तोडायची परवानगी देण्याच्या, म्हणजे मुख्यतः न देण्याच्या, कामावर होता. 'तुमचा अर्ज अपूर्ण आहे' हे वाक्य तो ज्या सुरात म्हणायचा त्या सुरात इतर लोक गाणी म्हणतात. पण गल्लीत त्याला कुणी विचारायचं नाही. समोरचा बेरेन्ड जन्मभर नदीवर मालाची बोट चालवून निवृत्त झालेला, त्याच्याकडे पुराच्या आणि धुक्याच्या गोष्टी. शेजारच्या रीम्काबाईंकडे गल्लीतल्या सगळ्यांच्या गोष्टी. हार्मनकडे काय, तर एका पॉप्लरच्या झाडाची फाईल. जन्मात पहिल्यांदा तो कशात तरी गल्लीच्या पुढे गेला होता, आणि ते तो असं सहजी सोडणार नव्हता.

तिनेकाच्या वाढदिवसाला त्याने प्रयोग ठेवला. रीतीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण झालं, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, कॉफी फिरली. हार्मन उभा राहिला. घसा खाकरला.

"आता मी फोनवर 'संध्याकाळ' दाबणार. सगळ्या घरात हळूहळू सोनेरी उजेड पसरेल."

दाबली. सगळ्या घरात हळूहळू काळाकुट्ट अंधार पसरला. कुणीतरी कपात बोट बुडवलं. मग संडासातून बेरेन्डचा आवाज आला.

"वीज गेली का रे?"

"नाही!" हार्मन ओरडला. "तुम्ही बसा!"

"बसलोच आहे! कागद कुठाय ते सांग!"

शेवटी तिनेकाने चाचपडत जाऊन घराचा मुख्य खटका पाडला आणि परत चढवला. वीज जाऊन परत आली की हे दिवे सगळे एकदम लागायचे, आणि लागायचे ते पांढरेफटक, पूर्ण ताकदीने. रिंगणातली म्हातारी मंडळी त्या उजेडात शस्त्रक्रियेच्या नंबराला बसल्यासारखी दिसायला लागली. बेरेन्ड डोळ्यांवर हात धरून बाहेर आला.

रीम्काबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. हार्मन नवी नवरी घेऊन या गल्लीत आला तेव्हा पहिली सूपची पातेली त्यांचीच आली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "हार्मन, बाळा, माझ्या घरी दिवा लावायला बोट लागतं. तेही एकच."

अख्खं रिंगण हसलं. तिनेकाही हसली, तेही तिच्याच वाढदिवसाला. हार्मनने मनात ठरवलं, आता ऑक्टोबरच्या सुट्टीत दाखवतोच.

दरवर्षी या सुट्टीत दोघं आठवडाभर बेल्जियमच्या डोंगरात एक लाकडी घर भाड्याने घेत. मागे रीम्काबाई यायच्या, झाडांना पाणी घालायच्या, टपाल उचलायच्या आणि चोरांना घर जागं वाटावं म्हणून रोज संध्याकाळी वेगवेगळ्या खोलीत दिवा लावायच्या. वीस वर्षं हे असं चाललेलं. चावी त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असायची. ती कुणी कधी मागितली नव्हती आणि कुणी कधी परत केली नव्हती.

हार्मन त्यांच्या दारात गेला. तो स्वतःच्या मते सभ्यपणे बोलला, आणि सभ्य माणसं असं बोलतात तेव्हा त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटते.

"शेजारीणबाई, यंदापासून तुम्हाला यायची गरज नाही. चावीही परत द्या, तुमच्या डोक्याला उगाच कशाला ताप?"

रीम्काबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खुंटीवरची चावी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या.

या गावात माणसं तोंडावर बोलतात. नवा कोट वाईट दिसला तर रस्त्यात थांबवून सांगतात. अशा गावात एखादी बाई नुसतं 'बरं' म्हणते, तेव्हा काय झालंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. हार्मन शीळ घालत घरी आला.

"तू काय केलंस हे तुला कळतंय का?" तिनेका म्हणाली.

"त्यांचा त्रास वाचवला."

"त्यांचा तोच एक त्रास होता, हार्मन. कोड्यांच्या मासिकाशिवाय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघं रस्त्यावर उभी राहिली आणि दिव्यांची तालीम झाली. आश्चर्य म्हणजे सगळं जमलं. सहा वाजता दिवाणखाना, मग स्वयंपाकघर, मग वरची खोली. हार्मनची छाती फुगली.

"दिसतंय की नाही कुणीतरी राहतंय असं?"

"मला सोफा दिसतोय," तिनेका म्हणाली. "टेबल दिसतंय. तुझं ते टांगलेलं खोकं दिसतंय. आणि कुणी नाही हे इतकं स्वच्छ दिसतंय की चोराला चष्माही लागणार नाही."

हार्मनचा चेहरा पडला. गल्लीतल्या कुठल्याच घराच्या खिडकीला आता पडदा उरला नव्हता. असता तरी कुणी ओढला नसता. ज्याचं वागणं सरळ त्याने काय लपवायचं, या रीतीत पिढ्या गेल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बघावं, आतल्याने हात करावा. रीम्काबाई दिवा लावायच्या तेव्हा पाच मिनिटं खुर्चीत बसून कोडं सोडवायच्या, म्हणून ते घर जागं वाटायचं. हे त्याला आत्ता, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी सुचलं.

दुसरा माणूस असता तर सरळ शेजारी गेला असता. हार्मन पडदे आणायला गेला. दुकान बंद होता होता त्याने करड्या रंगाचे जाडजूड पडदे आणले आणि टांगले. सकाळी उजाडायच्या आत ते ओढून घेतले. कुणाला सांगायचं नाही, कारण नाहीतर फसवणूक कसली? गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे चालू केली.

"अरे पण दिवसा बंद पडदे?" तिनेका ढकलता ढकलता धापा टाकत म्हणाली. "लोकांना काय वाटेल?"

"आपण घरी आहोत असं वाटेल."

लोकांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

त्यात लोकांची काय चूक? त्या गल्लीत दिवसाढवळ्या पडदे ओढलेलं घर म्हणजे आत मयत. रीम्काबाईंनी आईच्या वेळी ओढले होते, नवऱ्याच्या वेळी ओढले होते, आणि मग काढूनच टाकले होते. आता सकाळी कचऱ्याची पेटी बाहेर ठेवायला त्या आल्या आणि पेटीचा दांडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

हार्मन सुट्टीला गेला असेल ही शंकाही त्यांना आली नाही. त्यानेच सांगितलं होतं, यंदा यायची गरज नाही. म्हणजे यंदा जात नाहीत. त्यांनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. घरचा फोन लावला, तो पडद्याआड वाजत राहिला. मोबाइलचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तेरा पावलांवरच्या माणसाला मोबाइल कशाला? आणि संध्याकाळी वरच्या खोलीत दिवा लागला.

"आत आहे कुणीतरी," त्या बेरेन्डला म्हणाल्या. "पण दार उघडत नाही."

"दोघांतलं एक गेलंय," बेरेन्ड म्हणाला. "दुसऱ्याला तोंड दाखवायचं नाही."

"कोण गेलं असेल?"

बेरेन्डने विचार केला. "हार्मन. रंग बघितलास ना त्याचा त्या पांढऱ्या दिव्यात?"

गल्लीने मग हार्मनला मेलेला धरला आणि एकदम त्याच्याविषयी बरं बोलायला लागली. ज्याचं बर्चचं झाड त्याने सहा वर्षं अडवून धरलं होतं तो कोपऱ्यावरचा दंतवैद्यसुद्धा म्हणाला, की माणूस नियमाचा पक्का होता. जिवंतपणी हे कुणी एकदा जरी बोललं असतं, तर हार्मनला दिव्यांचं वेड लागलंच नसतं. पण असं बोलायला आपल्या लोकांना मयत लागते.

रीम्काबाईंनी दारात सूप ठेवलं. सकाळी ते तसंच. वर एक नवीनच काळजी. बाथरूमच्या धुरकट काचेमागचा दिवा लागला होता तो विझेचना. बाकीचे लागत होते, विझत होते, हा दिवसरात्र चालू. खरी गोष्ट एवढीच, की त्या दिव्याने खोक्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. पण बाहेरून ते तसं दिसत नव्हतं.

"तिनेका पडलीय आत," रीम्काबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "बेरेन्ड, बाथरूममध्ये पडलीय ती, आणि माझ्याकडे चावी नाही."

पोलीसबाई आली. तरुण होती, नम्र होती, आणि नियम तिला पाठ होते. तिने घराला एक फेरी मारली.

"दिवे लागतायत आणि विझतायत. म्हणजे आत माणूस चालता-फिरता आहे. दार न उघडणं हा गुन्हा नाही, मावशी."

"बाथरूममध्ये तीन दिवस कोण बसतं?"

"तोही गुन्हा नाही."

तिकडे बेल्जियममध्ये, नेमक्या त्याच संध्याकाळी, हार्मन डोंगर चढत होता. लाकडी घर खोल दरीत, तिथे फोनला ठिपकाभरही जोर नाही. पण माथ्यावर एका गोठ्यामागे उभं राहिलं की अ‍ॅप उघडायचं. त्याने उघडलं. बाथरूमच्या नावापुढे लाल खूण. दिवा सापडत नाही. हार्मनच्या कपाळाची शीर तटतटली. त्याने 'सगळे बंद' दाबलं. 'सगळे चालू' दाबलं. काही होईना, म्हणून परत बंद, परत चालू. गायींच्या साक्षीने तो अंगठा आपटत राहिला.

गल्लीत पोलीसबाई गाडीत बसायला निघाली होती. अचानक अख्खं घर काळं झालं, फक्त बाथरूम चालू. मग अख्खं घर उजळलं. परत काळं. कधी झटकन, कधी रेंगाळत, कारण त्या खोक्याला कुठलाच हुकूम वेळेवर पोचत नव्हता. पडद्यांच्या कडांमधून उजेड लुकलुकायला लागला. बेरेन्डने चाळीस वर्षं नदीवर धुक्यात दिव्यांच्या खुणा वाचल्या होत्या. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"थांबा!" तो गरजला. "आखूड, आखूड, लांब... जिवंत आहे! माणूस जिवंत आहे आणि मदत मागतोय!"

"काय म्हणतोय तो?" रीम्काबाईंनी त्याची बाही धरली.

"शब्द नीट लागत नाहीत. पण बोट बुडायला आली की माणूस असाच दिवा मारतो!"

यापुढे पोलीसबाईचाही इलाज नव्हता. अग्निशमनवाले आले. त्यांचा तो लोखंडी ओंडका एकदा बसला आणि हार्मनचं ओकचं दार कुलपासकट आडवं झालं. रीम्काबाई पोलिसांच्या आधी आत घुसल्या. "तिनेका! हार्मन!" त्यांच्या डोक्यावर दिवे चालू-बंद होत होते, त्यात त्या जिना चढल्या. बेरेन्ड मागून अंगावर टाकायला घोंगडी घेऊन. बाथरूममध्ये टब होता, साबण होता आणि बत्ती होती.

वरच्या खोलीत अंथरुणं नीट घातलेली. कपाटावरच्या बॅगा गायब. बूट गायब. रीम्काबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मग त्या उठल्या, खाली आल्या, खुर्चीवर चढल्या आणि सुतळीला लोंबणारं ते खोकं दोन्ही हातांनी उपटून काढलं.

डोंगरावर हार्मनच्या फोनवर अक्षरं आली: खोकं सापडत नाही.

"चोर!" हार्मन किंचाळला. गायी पांगल्या.

त्याला तेव्हाच्या तेव्हा निघायचं होतं. तिनेका म्हणाली, अंधारात त्या वळणांवरून मी येणार नाही, आणि चोराने न्यावं असं तुझ्या घरात दिव्यांशिवाय आहे काय? ते नेणाऱ्याचे मी आभार मानीन. सकाळी निघाले. इकडे पोलिसांनी नियमाप्रमाणे घरमालकाला कळवलं, म्हणजे घरच्या फोनवर निरोप ठेवला. तो त्यांच्याच कमरेशी असलेल्या टेबलावर वाजला.

दुपारच्या कॉफीच्या वेळेला गाडी गल्लीत शिरली. हार्मनने ब्रेक मारला. दाराच्या जागी फळ्या कलत्या उभ्या. खिडकीवरचे पडदे सताड उघडे, आणि आत, सगळ्या गल्लीला दिसेल असं, खुर्च्यांचं रिंगण. बेरेन्ड. दंतवैद्य. आणि हार्मनच्या खुर्चीत रीम्काबाई. दाराविना घर उघडं कसं टाकायचं, म्हणून त्या काल संध्याकाळपासून राखण करत बसल्या होत्या. बटणांवरची चिकटपट्टी सोललेली होती.

हार्मन फळ्यांमधून आत आला. कुणी उठलं नाही.

"ये," बेरेन्ड म्हणाला. "मेलेल्याच्या मानाने तब्येत चांगली आहे तुझी."

मग बेरेन्डने त्याला सगळं सांगितलं, पडद्यांपासून ओंडक्यापर्यंत. सांगताना तो काही वगळत नव्हता. तिनेका दारातच तोंडावर हात धरून उभी. हार्मनच्या चेहऱ्यावर एकेक रंग येत होता आणि जात होता, दिव्यांना कधी जमले नाहीत इतके.

"बस," रीम्काबाई म्हणाल्या. त्यांनी ताटलीत केकची एक चकती ठेवून त्याच्यापुढे धरली. बदामाचा केक, पिवळाधमक. हार्मनने घास घेतला. काहीतरी बोलायला हवं, म्हणून म्हणाला, "छान झालाय."

"तुझ्या मयताला केला होता."

मयताहून परतल्यावर लोकांना कॉफीबरोबर हाच केक देतात, हे त्याला ठाऊक होतं. शंभर वेळा खाल्ला होता. स्वतःचा पहिल्यांदाच खात होता.

"रडलीसुद्धा ही," बेरेन्ड म्हणाला. "मी पाहिलं."

"बेरेन्ड, तू कॉफी पी." रीम्काबाई हार्मनकडे वळल्या. "मी यायला नको होतं तर तसं तोंडावर सांगायचंस. म्हातारी झालात, नको, असं. मी चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी आले असते. दिव्यांना कशाला पुढे केलंस?"

उत्तर हार्मनकडे होतं. झाडांच्या कचेरीत उभ्या जन्मात त्याच्याकडे एवढा साधा अर्ज कुणी केला नव्हता. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, हार्मनने काहीतरी भारी केलं. बस, एवढंच. तुम्ही नको होतात असं कधीच नव्हतं."

दंतवैद्य छताकडे बघायला लागला.

"भारी तर केलंसच," रीम्काबाई म्हणाल्या. "असलं दार दुसऱ्या कुणाला फोडून घेता आलं नसतं." आणि पहिल्यांदा त्यांच्या ओठाची कड हलली.

हार्मनने ताटली खाली ठेवली. खिशातून चावी काढली, सगळ्या रिंगणासमोर उभा राहिला आणि घसा खाकरला. "शेजारीणबाई, उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडे फ्रान्सला जाणार आहोत. मागे घर बघाल का? ही चावी परत ठेवाल का?"

"ही?" रीम्काबाईंनी चावी हातात घेऊन उलटीपालटी केली. "अरे, कुलूप तिकडे अंगणात पडलंय. ही कशाला लावू, कानाला?"

बेरेन्डच्या नाकातून कॉफी आली. हार्मन चावीसारखाच बिनकामाचा उभा.

"कुलूपवाला सोमवारी येतोय," रीम्काबाई म्हणाल्या. "मीच बोलावलंय. तीन चाव्या करायला सांगितल्यात." त्यांनी सुरीने आणखी एक चकती कापली आणि तिनेकाला जवळ बोलावलं. "नीट वागलात तर दोन तुम्हाला देईन म्हणते."